‘आपल्या आज्या शेतात बाळंत व्हायच्या’: त्या मेसेजमधला एकेक दावा

धुळे, जळगाव, नंदुरबारच्या महिलांच्या ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा फिरतोय. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: आपल्या आज्यांना दहा-दहा लेकरं झाली, कापूस वेचता वेचता त्या बाळंत झाल्या, ना गोळ्या लागल्या ना सोनोग्राफी. आताचे डॉक्टर लोहाच्या गोळ्या देऊन बाळ मोठं करतात आणि मग पैशासाठी सिझर करतात. पायांना सूज, बीपी हे गरोदरपणात चालायचंच. सोनोग्राफीच्या किरणांनी बाळाला इजा होते. म्हणून गोळ्या बंद करा, आठव्या महिन्यापासून जेवण कमी करा आणि घरीच बाळंत व्हा.

मी शिरपूर तालुक्यातल्या एका उपकेंद्रात एएनएम, म्हणजे आरोग्यसेविका आहे. हा मेसेज वाचून लोहाच्या लाल गोळ्यांच्या पट्ट्या जशाच्या तशा परत आणणाऱ्या बाया माझ्यासमोर बसतात. म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देते आहे.

‘आज्यांना काहीच झालं नाही’

दहा लेकरं झाली, खरं आहे. त्यातली जगली किती, हे त्याच आजीला विचारा. जुन्या घरातली कुठलीही म्हातारी बोटं मोजत सांगते: पहिला गेला, मधली पाचवी पुजायच्या आतच गेली, दोन गोवरानं गेले. आणि जी आजी बाळंतपणातच गेली, तिच्याबद्दल सांगायला कोण उरलं? आजोबांचं दुसरं लग्न झालं, एवढंच घराला आठवतं. आपण ज्या आज्यांच्या गोष्टी ऐकतो त्या वाचलेल्या आज्या आहेत.

नाळ विळ्यानं कापायची, वर राख नाहीतर शेण लावायचं. मग चांगलं दूध ओढणारं बाळ चार-आठ दिवसांत चोखणं बंद करायचं, अंग लाकडासारखं ताठ व्हायचं. तो धनुर्वात होता. गरोदरपणातली इंजेक्शनं आणि स्वच्छ ब्लेड यांमुळे तो इतका मागे हटला की २०१५ मध्ये भारतातून माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. सरकारी नमुना नोंदणीप्रमाणे १९९७-९८ मध्ये देशात एक लाख जिवंत जन्मांमागे ३९८ माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये हा आकडा ९७ होता, आणि महाराष्ट्रात ३३. तेही मला जास्तच वाटतात.

‘लोहाच्या गोळ्यांनी बाळ मोठं होतं’

होत नाही. बाळ अवाजवी मोठं होण्यामागे बरेचदा आईची न सापडलेली साखर असते, म्हणून तर ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासतात. गोळीतलं लोह आईच्या रक्तासाठी आहे. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ निम्म्यानं वाढतं, बाळ आणि वार (पोटात बाळाला रक्त पुरवणारा भाग) दोघांनाही लोह लागतं, आणि एवढं सगळं नुसत्या भाजी-भाकरीतून भरून निघत नाही. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, शेंगदाणे, मेथी हे सगळं चांगलंच आहे, ते खावंच, पण गोळीबरोबर. चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा तेवढेच दिवस. हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की तो रक्तक्षय, ७ च्या खाली गेलं की जिवाला धोका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायांमध्ये रक्तक्षय आढळला. अशा आईचं बाळ उलट लहान आणि अपुऱ्या दिवसांचं जन्मण्याची भीती जास्त.

गोळीनं मळमळतं, शौचाला काळी होते, कधी कडक होते. काळ्या रंगानं बाया घाबरतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. रात्री जेवणानंतर घ्या, चहा आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका, वर लिंबूपाणी प्या. तरी सोसत नसेल तर मला सांगा, गोळी बदलता येते, शिरेतून लोह देता येतं. गुपचूप बंद करू नका.

आमच्या सातपुड्याच्या पट्ट्यात एक गोष्ट वेगळी आहे: सिकलसेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार. पावरा, भिल्ल घरांमध्ये तो बराच आढळतो. सिकलसेलचा रुग्ण असलेल्या बाईला लोह किती द्यायचं हे डॉक्टर तपासून ठरवतात, फॉलिक अ‍ॅसिड मात्र लागतंच. नुसती वाहक असेल, म्हणजे अंगात दोष आहे पण आजार नाही, तर तिच्यासाठी गोळ्या नेहमीसारख्याच. नवऱ्याचीही तपासणी करा. दोघं वाहक असतील तर प्रत्येक खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. सासरची माणसं इथे सुनेला पुढे करतात आणि मुलाला मागे ठेवतात, त्याचा मला मनापासून राग येतो.

‘सूज आणि बीपी चालायचंच’

या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच. संध्याकाळी पाय सुजणं आणि सकाळी उतरणं, हे पुष्कळ जणींना होतं. तोंडावर, हातांवर सूज येणं वेगळं.

आमच्याकडे आठव्या महिन्यातली एक सून आली होती. धडधाकट, कालपर्यंत शेतात जाणारी. पायातली जोडवी बोटांत रुतलेली, बांगड्या मनगटावर हलत नव्हत्या. डोकं दुखतं, डोळ्यांपुढे चमकतं म्हणाली. सासूबाई म्हणाल्या, “पाय तं समदास्नाच सुजतस, माय.” बीपी १६० वर ११०. लघवीत पट्टी बुडवली तर पिवळी पट्टी बघता बघता हिरवी झाली, म्हणजे लघवीतून प्रथिनं जात होती. वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन लावला, झटके रोखणारं मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम दिलं आणि १०८ रुग्णवाहिकेनं तिला धुळ्याला पाठवलं. बाळ अपुऱ्या दिवसांचं झालं, बरेच दिवस काचेच्या पेटीत राहिलं, पण मायलेकरं दोघं घरी आली. ती त्या दिवशी घरीच राहिली असती तर पुढची पायरी झटक्यांची होती. जुनी माणसं या झटक्यांना बाहेरची बाधा समजून भगताकडे न्यायची.

गरोदरपणातला हा बीपीचा आजार (प्री-एक्लॅम्पसिया) सुरू होतो वारेपासून. तिच्या रक्तवाहिन्या नीट तयार होत नाहीत, बाळाला रक्त कमी पोचतं, त्याची वाढ खुंटते, आणि आईचं बीपी, मूत्रपिंड, यकृत हळूहळू त्याच्या कचाट्यात सापडत जातं. सुरुवातीला काहीच दुखत नाही. म्हणून ‘मला काही त्रास नाही’ म्हणणाऱ्या बाईचंही बीपी दर भेटीला मोजायचं. १४० वर ९० किंवा जास्त आलं तर गाठ डॉक्टरांशी. डोकेदुखी, धुरकट दिसणं, छातीखाली पोटात दुखणं, बाळाची हालचाल कमी होणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका. आधीच्या खेपेला असं झालं असेल तर तिसऱ्या महिन्यातच सांगा. वेळेवर सुरू केलेली अ‍ॅस्पिरिनची छोटी मात्रा धोका कमी करते, पण ती डॉक्टरांनीच द्यायची.

‘सोनोग्राफीचे किरण’

सोनोग्राफीत एक्स-रेसारखे किरण नसतात, ध्वनिलहरी असतात. १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी बाळाचे अवयव बघते, नंतरची वारेची जागा आणि बाळाची वाढ. आमच्या भागात या मशीननं केलेलं खरं नुकसान वेगळंच आहे. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८४२ मुली होत्या. लिंग तपासणं १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे. त्याबद्दल हा मेसेज एक अक्षर बोलत नाही.

‘कमी जेवा, सुटका लवकर होईल’

उपाशी आईचं बाळ अशक्त जन्मतं आणि कळा द्यायला आईच्या अंगात ताकद राहत नाही. दादर ज्वारीची भाकरी, वरण, अंडं, दूध, दोन घास जास्तच खा.

‘सिझर पैशासाठीच’

इथे मेसेजच्या रागात तथ्य आहे. २०१९-२१ च्या त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात खासगी दवाखान्यांतली ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरनं झाली होती, सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के. अडलेल्या केसेस सरकारीतून खासगीकडे जातात हे धरूनही एवढी तफावत मला पटत नाही. म्हणून विचारा: कारण काय, आणखी थांबता येईल का, बाळाचे ठोके कसे आहेत. उत्तर मिळणं तुमचा हक्क आहे. पण बाळ आडवं असेल, वार गर्भाशयाच्या तोंडाशी असेल, नाळ आधी बाहेर आली असेल, तर सिझर हाच मार्ग आहे. तेव्हा हा मेसेज आठवून सही अडवू नका.

‘घरीच बाळंत व्हा’

बाळ सुखरूप झाल्यावरही अर्ध्या तासात चित्र पालटू शकतं. गर्भाशय आवळलं नाही तर रक्त थांबत नाही, आणि दोन तासांत बाई जाऊ शकते. दवाखान्यात बाळ जन्मताच ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन देतात ते यासाठी. गोळ्या बंद केलेल्या, आधीच रक्त कमी असलेल्या बाईला तर थोडाही रक्तस्राव झेपत नाही.

धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून बाईला बांबूच्या झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावं लागतं, हे मला माहीत आहे. रस्ता व्हायला हवा, आणि त्यासाठी भांडायलाच हवं. तोवर, तुमच्या आरोग्य केंद्रात माहेरघर असेल तर तारखेच्या आधीच तिथे येऊन राहा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते, तीही चुकवू नका.

दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातकडे निघणाऱ्या जोडप्यांना एवढंच सांगते: माता-बाल कार्ड पिशवीत ठेवा, त्यावर रक्तगट, हिमोग्लोबिन, शेवटचं बीपी आणि सिकलसेलचा निकाल लिहून घ्या, आणि दोन महिन्यांच्या गोळ्या माझ्याकडून घेऊन जा. कोपीवरून (ऊसतोडीच्या झोपडीवरून) रात्री दवाखान्यात जायची वेळ आली, तर तिथल्या डॉक्टरला तुमच्याबद्दल त्या कार्डावरूनच कळणार आहे.