इवलासा उंदीर अल्बट्रॉसला मारेलच कसा?

सध्या एक फॉरवर्ड गटागटांतून फिरतोय. त्याचा सारांश असा: दक्षिण आफ्रिकेच्या मॅरियन बेटावर अल्बट्रॉस हे मोठे समुद्रपक्षी वाचवायच्या नावाखाली हेलिकॉप्टरने विष टाकून गणपतीच्या वाहनाचा संहार करायचा घाट घातलाय. एवढासा उंदीर दहा किलोच्या अल्बट्रॉसला मारेलच कसा? दोनशे वर्षं तिथे उंदीर आहेत, पक्षी संपले का? फारच वाटलं तर मांजरं सोडा. विषाने पक्षीच मरतील.

मारतो कसा, तर कुरतडून. माणसाने आणेपर्यंत या बेटावर जमिनीवरचा सस्तन शिकारी कधी नव्हताच, त्यामुळे पक्ष्याला पळायचं, झटकायचं सुचतच नाही. तो घरट्यावर बसून राहतो. रात्री उंदीर त्याच्या अंगावर चढतात, डोक्याची कातडी सोलून मांस खातात आणि दुसऱ्या रात्री त्याच जखमेवर परत येतात. पिल्लांवरचे हल्ले तिथे पहिल्यांदा 2003 मध्ये दिसले. 2023 मध्ये पूर्ण वाढलेले वाँडरिंग अल्बट्रॉसही असेच मेलेले सापडले. पंख पसरले तर तीन मीटर भरणारा पक्षी!

‘दोनशे वर्षं’ हे खरं आहे. सीलच्या शिकारी जहाजांतून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला उंदीर तिथे उतरले. पण बेट आता पूर्वीइतकं थंड राहिलेलं नाही. उंदरांचा विणीचा हंगाम लांबला, संख्या वाढली आणि त्यांचं नेहमीचं खाणं, म्हणजे किडे-अळ्या, त्यांनीच फस्त केलं. उरले पक्षी. ‘संपले का’ या प्रश्नातली गफलत मात्र वेगळी आहे. हा अल्बट्रॉस पन्नास वर्षंही जगतो आणि पिल्लू वाढलं तर दोन वर्षांतून एकदाच, एकच अंडं घालतो. पिल्लं वाढेनाशी झाली तरी म्हातारे पक्षी कितीतरी वर्षं आकाशात दिसत राहतात, आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. सुमारे 20 किलोमीटरवरच्या प्रिन्स एडवर्ड बेटावर उंदीर नाहीत. तिथे हा प्रकारही नाही.

मांजरांचा प्रयोग करून झालाय. 1949 मध्ये उंदरांसाठीच पाच मांजरं आणली. 1970 च्या दशकात ती दोन हजारांच्या वर गेली आणि वर्षाला साडेचार लाखांच्या आसपास समुद्रपक्षी, मुख्यतः बिळांत घरटी करणारे पेट्रेल, फस्त करू लागली. रोग, बंदुका, सापळे, विष असं सगळं वापरून शेवटचं मांजर संपायला 1991 उजाडलं.

गणपतीच्या वाहनाबद्दल एवढंच, की कणगीला उंदीर लागला की आपण आरती करत बसत नाही.

विषाचा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही. ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वारी बेटावर ससे-उंदरांच्या मोहिमेत स्कुआ, जायंट पेट्रेल, केल्प गल असे दोन हजारांहून जास्त पक्षी दगावले. मॅरियनवरही काही मरतील. बरेच पक्षी समुद्रावर असतात आणि उंदीर उपाशी असतात, म्हणूनच आमिष हिवाळ्यात टाकायचं ठरलंय. मॅक्वारी 2014 मध्ये उंदीरमुक्त जाहीर झालं, हेही त्या फॉरवर्डमध्ये नाही.

आणि खरा धारदार आक्षेप तर त्यात आलेलाच नाही. दक्षिण अटलांटिकमधल्या गॉफ बेटावर 2021 मध्ये हेच केलं आणि डिसेंबरात कॅमेऱ्यात उंदीर दिसला. मॅरियन त्याच्या चौपटीहून मोठं, जवळजवळ 30,000 हेक्टर. एका कपारीत एक गाभण मादी राहिली तरी सगळा खर्च पाण्यात. यावर वाद घालायचा असेल तर या, मी बसलोय.