विकण्याआधी एक फोन

‘भेट एकदा हातात आली की ती तुमची, मग विकायला कुणाला विचारायचं कशाला?’ भेट मिळालेल्या वस्तू गुपचूप विकून टाका, असं सांगणाऱ्या एका लेखातलं हे वाक्य कायद्याने बरोबर असेल, पण देणारा सढळ हाताचा मित्र असेल तर हिशेब तिथे संपत नाही. माझ्या मित्राने मला कॅमेरा दिला होता, चांगला महागडा. मी दोन वर्षांत जेमतेम चारदा वापरला. शेवटी विक्रीच्या ॲपवर टाकला, आणि फोटोत पट्टा तसाच राहिला. त्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला त्याने स्वतः मार्करने माझं नाव लिहिलं होतं. जाहिरात नेमकी त्यालाच दिसली. रागावला नाही, एवढंच म्हणाला, “अरे, सांगितलं असतंस तर मीच परत घेतला असता, माझा बिघडलाय.” त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

गंमत म्हणजे भेट दुसऱ्याला देऊन टाकण्यावर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेलं ॲडम्स, फ्लिन आणि नॉर्टन यांचं संशोधन आहे. घेणाऱ्याला वाटतं तेवढं देणाऱ्याला वाईट वाटत नाही, असं त्यात दिसलं. म्हणजे आपण ज्या भीतीने लपवतो ती बरीचशी आपलीच असते. म्हणून लेखातला ‘गुपचूप विका’ हा सल्ला मला मुळीच पटला नाही. आता मी आधी विचारतो, “वापर होत नाहीये, तुला हवंय का?” बहुतेक वेळा उत्तर येतं, “विकून टाक की!” नाव लिहिलेली वस्तू मात्र विकायला काढत नाही. तो पट्टा अजून माझ्याकडेच आहे.