नाव घेतलं म्हणून चोर?

दुपारी डबा खाताना अजय-अतुल यांची एक जुनी मुलाखत ऐकली. दक्षिणेतले संगीतकार इलैयाराजा यांचा विषय निघाला की दोघांचा आवाजच बदलतो. मला भरून आलं, म्हणून इथे शेअर केली. पाच मिनिटांत एका जुन्या मित्राची कमेंट आली: 'म्हणजे तिकडून उचलतात, हे स्वतःच कबूल केलं की!' खाली वीसेक हसरे चेहरे. तेव्हापासून डोकं ठणकतंय.

मी नववीत होते. गॅदरिंगसाठी पुस्तकातल्या एका कवितेला चाल लावली, पहिल्यांदाच. तालमीत सरांनी सगळ्यांसमोर मला थांबवलं. 'ही चाल उचललेली आहे. कुठून उचललीस?' मला सांगता येईना. गाणं कार्यक्रमातून गेलं आणि मी पेटीला हात लावणं बंद केलं.

आता मला सांगा, इलैयाराजा तरी कोरी पाटी घेऊन आले होते का? तमिळनाडूतल्या पण्णैपुरमचा मुलगा, भावाच्या मंडळीबरोबर गावोगाव गात-वाजवत फिरलेला. मद्रासला धनराज मास्तरांकडे पाश्चात्त्य संगीत शिकला आणि १९७६ साली पहिल्याच चित्रपटात गावाकडचं लोकसंगीत घेऊन उभा राहिला. दहा वर्षांनी आलेला 'हाऊ टू नेम इट' हा अल्बम त्यांनी कर्नाटक संगीतातले त्यागराज आणि पाश्चात्त्य संगीतातले बाख या दोघांना अर्पण केला. ती काय चोरीची कबुली होती?

आणि अजय-अतुलचं म्हणाल, तर 'सैराट'चे वाद्यवृंद लॉस एंजेलिसला ध्वनिमुद्रित झाले हे सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच्या कितीतरी आधी 'जोगवा'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्यातलं 'लल्लाटी भंडार' कानात प्राण आणून ऐका. ती यल्लम्माच्या जोगत्यांची लय कुठल्या मद्रासहून आणलीय? एका माणसाच्या कानात इलैयाराजाही असतात आणि गावची जत्राही असते.

हो, चोरी होते. अख्खी चाल उचलून वर स्वतःचं नाव लावणारे आहेत, नाही कोण म्हणतंय. पण ते मुलाखतीत मूळ माणसाचं नाव घेत नाहीत!

पुन्हा नववीकडे येते. महिनाभर मी फिरकले नाही, तेव्हा पेटीच्या बाईंनी घरी बोलावून घेतलं. 'गा ती चाल.' मी रडत रडत गायले. तिसऱ्या ओळीला त्यांनी थांबवलं. तिथे सूर वर चढेल असं वाटतं आणि तो कोमल निषादाला, म्हणजे उतरलेल्या 'नी'ला, टेकून खाली येतो. 'हे कुठलं गं?' आठ-दहा वेळा तीच ओळ गाऊन घेतली. मग एकदम लख्ख आठवलं. आमच्या गल्लीतल्या विठ्ठल मंदिरातली काकड आरती! कार्तिकात अर्धवट झोपेत आजोबांच्या मांडीवर ऐकलेली. बाई म्हणाल्या, 'चोरलं असतंस तर कुठून ते त्या दिवशीच ठाऊक असतं. ते तुझ्या अंगातच होतं. आता कळलंय ना, आता नाव घेऊन गा.'

नाव घेऊन गा. गवई गुरूचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतो, तेव्हा आपण माना डोलावतो. हृदयनाथ मंगेशकर त्यांच्या गुरूंबद्दल, अमीर खाँसाहेबांबद्दल बोलतात, शंकर महादेवन त्यांच्या गुरूंबद्दल, श्रीनिवास खळेकाकांबद्दल बोलतात, तेव्हा आपले डोळे ओले होतात. मग या दोन भावांनी काय घोडं मारलंय? गुरुकुलात बसून शिकले नाहीत, कॅसेटवर ऐकत शिकले, म्हणून त्यांचं ऋण खोटं?

उलट मला अजून ऐकायचंय. मुलाखत घेणारे गाण्याचा किस्सा विचारतात, टाळ्या घेतात आणि पुढे जातात. अहो, थांबा ना जरा! त्या वळणावर तो कोमल सूर का आला, लहानपणी कानावर काय पडत होतं, हे विचारा.

लिहिता लिहिता राग बराच उतरलाय. मित्रा, तुझी कमेंट मी काढलेली नाही. आपण एकाच वर्गात होतो, त्या तालमीत तू मागच्या बाकावर होतास. रविवारी घरी ये. आधी 'हाऊ टू नेम इट' ऐकू, मग 'जोगवा'. आणि ऐकणार असलास तर ती नववीतली चालही म्हणून दाखवेन, तिसरी ओळ अजून तशीच आहे.