‘हार्मोनची गोळी बंद करा’ सांगणाऱ्या संदेशाला उत्तर

‘स्तनाच्या कर्करोगावरची हार्मोनची गोळी हेच खरे विष’ असे सांगणारा एक लांबलचक संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. भजनी मंडळाच्या ग्रुपमधून तो माझ्या मावशीकडे आला आणि शस्त्रक्रिया होऊन गेलेल्या मावशीने टॅमॉक्सिफेन या तिच्या हार्मोनच्या गोळीची पाकिटे कपाटात टाकून दिली. एरवी असला मजकूर न वाचताच पुसून टाकावा, पण येथे गप्प बसणे परवडणारे नाही. संदेशाचे म्हणणे असे: साखर सोडली की कर्करोग उपाशी मरतो आणि हे शोधणाऱ्या ऑटो वारबुर्ग यांना त्यासाठी नोबेल मिळाले, टॅमॉक्सिफेनला जागतिक आरोग्य संघटनेनेच कर्करोगकारक ठरवले आहे, पाळी गेल्यावर शरीरात इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन उरतच नाही, त्यामुळे गोळी निरर्थक आहे, आणि हे सगळे काम हळद करते.

वारबुर्ग यांना १९३१ चे नोबेल मिळाले ते श्वसनाशी संबंधित विकराच्या (एन्झाइमच्या) शोधासाठी; साखर सोडण्याच्या उपचारासाठी नव्हे. कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज अधिक ओढतात हे त्यांचे निरीक्षण मात्र खरे आहे आणि कर्करोग शोधणारी ‘पेट स्कॅन’ ही तपासणी त्याच गुणावर चालते. पण त्या ते का ओढतात, हे संदेशकर्त्याने विचारलेले नाही. पेशीच्या पृष्ठभागावरून आत ‘वाढ, जगत राहा’ असा निरोप नेणारी पीआय३के-एकेटी नावाची संदेशसाखळी असते. हार्मोन-ग्राहक (हार्मोन ज्याला चिकटते ते पेशीतील प्रथिन) असलेल्या आणि हर-२ (वाढ चेतवणारे एक प्रथिन) वाढलेले नसलेल्या स्तनाच्या सुमारे ४० टक्के गाठींमध्ये या साखळीतील पीआयके३सीए हे जनुक बदललेले असते, त्यामुळे निरोप थांबतच नाही आणि पेशी ग्लुकोज आत घेणारी प्रथिने आपल्या पृष्ठभागावर वाढवते. म्हणजे साखरेची ही भूक बिघडलेल्या निरोपातून येते. चहातली साखर बंद केल्याने तो निरोप थांबत नाही, आणि रक्तातील ग्लुकोज तर उपवासातही यकृत तयार करत राहते. इन्सुलिन हीच साखळी चेतवते, त्यामुळे वजन आणि मधुमेह आटोक्यात ठेवण्याला अर्थ आहे, एवढे मान्य करावे लागेल. परंतु त्यावरून औषध सोडण्याचा सल्ला निघत नाही.

सर्वांत घातक मुद्दा दुसरा आहे, कारण तो अर्धा खरा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९६ मध्ये टॅमॉक्सिफेनला खरोखरच कर्करोगकारकांच्या यादीत घातले, ते गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगामुळे. मात्र ही गोळी दुसऱ्या स्तनात कर्करोग होण्याचा धोका कमी करते, असेही त्याच मूल्यमापनात नोंदवलेले आहे आणि नेमके तेवढेच संदेशात गाळले आहे. हेच औषध त्याच संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, याचाही संदेशात पत्ता नाही.

हे दोन्ही एकाच वेळी खरे कसे, ते समजून घेण्यासारखे आहे. इस्ट्रोजेन पेशीतील ग्राहकाला चिकटते, ती जोडी डीएनएवर जाऊन विभाजनाची जनुके चालू करते आणि हार्मोन-ग्राहक असलेल्या गाठी इस्ट्रोजेनच्या याच निरोपावर वाढतात. एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तशी टॅमॉक्सिफेन ग्राहकावरची जागा धरते आणि स्तनाच्या पेशीत इस्ट्रोजेनला काम करू देत नाही. गर्भाशयात आणि हाडांत मात्र ती स्वतःच थोडीफार इस्ट्रोजेनसारखी वागते. गर्भाशयाचा धोका येथूनच येतो, आणि पाळी गेलेल्या स्त्रीच्या हाडांना मिळणारा आधारही येथूनच येतो. मावशीची हाडे ठिसूळ आहेत म्हणूनच डॉक्टरांनी तिला, इस्ट्रोजेन बनणेच रोखणाऱ्या लेट्रोझोल या औषधाऐवजी ही गोळी दिली आहे.

धोका आणि लाभ यांचे मोजमाप २०११ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले आहे. २० चाचण्या आणि २१ हजारांहून अधिक स्त्रिया यांच्या त्या एकत्रित विश्लेषणात, हार्मोन-ग्राहक असलेल्या कर्करोगात सुमारे पाच वर्षे गोळी घेतल्याने पहिल्या पाच वर्षांत रोग उलटण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले आणि पंधरा वर्षांपर्यंत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटले. गर्भाशयाच्या कर्करोगाने आणि रक्ताच्या गुठळ्यांनी होणाऱ्या मृत्यूंत झालेली वाढ अल्प होती आणि ती पंचावन्न वर्षांपुढील स्त्रियांतच दिसली. ज्यांच्या गाठीत हा ग्राहकच नव्हता, त्यांना या गोळीचा उपयोग झाला नाही; आणि त्यांना ती देतही नाहीत.

पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन संपते, हे तर धादांत चूक आहे. बीजांडकोष थांबले तरी चरबीतील ॲरोमॅटेज हे विकर इस्ट्रोजेन बनवत राहते. लेट्रोझोल आणि ॲनास्ट्रोझोल ही औषधे त्या विकरालाच रोखतात. इस्ट्रोजेन उरतच नसते, तर ही औषधे निघालीच नसती.

हळदीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. प्रयोगशाळेतल्या बशीत हळदीतले कर्क्युमिन हे द्रव्य अनेक संदेशसाखळ्या रोखते, पण पोटातून ते रक्तात अत्यल्प पोहोचते. भाजीत हळद जरूर घालावी. गोळीऐवजी घेऊ नये.

ज्यांनी हा संदेश वाचून गोळी थांबवली असेल, त्यांनी आजच आपल्या डॉक्टरांना तसे सांगावे. गोळी चालू असताना पाळी गेलेल्या स्त्रीला पुन्हा रक्तस्राव झाला किंवा एकाच पायाला सूज येऊन तो दुखू लागला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता तपासून घ्यावे. गोळीचा त्रास असह्य होत असेल तर ती बदलता येते, मात्र तो निर्णय बायोप्सीच्या अहवालातील ग्राहकांची नोंद पाहून घ्यायचा असतो, आणि संदेश पाठवणाऱ्याने कोणाचाही अहवाल पाहिलेला नाही.