‘इंडस्ट्री ४.० आपल्यासाठी नाही’? आधी डाळमिलमध्ये डोकावून बघा

खानदेशातल्या उद्योजकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर इंडस्ट्री ४.०बद्दल, म्हणजे यंत्राला सेन्सर आणि संगणक जोडून त्यालाच मोजायला-ठरवायला लावण्याबद्दल, एक मेसेज फिरतोय: “इंडस्ट्री ४.० हे जर्मनीचं खूळ. कोट्यवधींची नवी मशिनरी लागते, नेट गेलं की कारखाना बंद आणि कामगार घरी. जळगाव-धुळ्याच्या छोट्या युनिटांनी या भानगडीत पडू नये.”

नाव जर्मनीचं, हे खरं. २०११च्या हॅनोव्हर मेळ्यात ते पुढे आलं. बाकीचं तपासू.

‘आपल्यासाठी नाही.’ जळगावच्या डाळमिलमधलं सॉर्टेक्स मशीन बघा. घरंगळत येणारा दाणा कॅमेरा टिपतो, डागी निघाला की हवेचा झोत त्याला बाजूला उडवतो. बघणं, ठरवणं आणि करणं एकाच यंत्रात. इंडस्ट्री ४.०च्या भाषेत सायबर-फिजिकल सिस्टीम म्हणतात ती हीच.

‘नेट गेलं की बंद.’ सॉर्टेक्सला नेट लागतच नाही. निर्णय यंत्राजवळच्या कंट्रोलरमध्ये, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या छोट्या संगणकात होतो. नेट लागतं ते मालकाला घरून आकडे बघायला. कोणी निर्णयच क्लाउडवर, म्हणजे नेटपलीकडच्या दूरच्या संगणकावर न्यायची स्कीम विकत असेल, तर त्याला सरळ नाही म्हणा.

‘कोट्यवधी लागतात.’ या वाक्यानं सगळ्यात जास्त नुकसान होतंय. पीव्हीसी पाईपची लाईन घ्या. भिंतीची जाडी मानकाच्या खाली जाऊ नये म्हणून ऑपरेटर ती थोडी जास्तच ठेवतो. पाईप विकला जातो मीटरवर, त्यामुळे जादा जाडीचं रेझिन, म्हणजे पाईपचा प्लास्टिकचा कच्चा माल, फुकट जातं, आणि खर्चात सगळ्यात मोठा वाटा रेझिनचाच. जाडी मोजणारा अल्ट्रासोनिक सेन्सर बसवला, तर कंट्रोलर हॉल-ऑफचा, म्हणजे पाईप पुढे ओढणाऱ्या यंत्राचा, वेग कमी-जास्त करतो. ओढ वाढली की भिंत पातळ होते. पाईप बनवणारं मुख्य मशीन, एक्स्ट्रूडर, जुनाच राहतो. जुन्या पीएलसीशी, म्हणजे लाईन चालवणाऱ्या जुन्या कंट्रोलरशी, बोलायला मॉडबस हा यंत्रांचा ठरलेला संवाद-नियम आहे, तो १९७९ सालचा. आधी एकाच लाईनवर करा आणि महिन्याचं रेझिन मोजा.

‘कामगार घरी.’ ही भीती खोटी नाही. सॉर्टेक्स आल्यावर डाळ निवडणारे हात कमी झालेच. पण पाईपच्या लाईनवर सेन्सर चुकीचं वाचतोय हे ओळखायला लाईन कळणारा माणूसच लागतो. त्याला शिकवायचं की घरी पाठवायचं, हे मालक ठरवतो, मशीन नाही. आमच्या आयटीआयच्या पोरांना मल्टिमीटरसोबत पीएलसीचा प्रोग्रामही वाचता आला पाहिजे, आणि त्यासाठी युनिटवाल्यांनी महिन्यातून एक दिवस आपली चालू लाईन त्यांच्यासाठी उघडी ठेवावी.