अँगस्ट्रॉमच्या खाली काहीच नाही?

सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतोय : ‘अँगस्ट्रॉम हे लांबीचं सर्वांत लहान एकक. प्रत्येक अणू बरोबर एक अँगस्ट्रॉमचा असतो, म्हणून त्याहून लहान काही मोजता येत नाही. आता हे एकक रद्द झालंय.’ चार विधानं आहेत, आणि शाळकरी मुलं ती पाठ करू लागलीत. म्हणून एकेक तपासायलाच हवं.

सर्वांत लहान तर ते नाहीच. मीटरचे हजार कोटी भाग केले की एक भाग म्हणजे अँगस्ट्रॉम. लाख कोटी केले की पिकोमीटर. म्हणजे एका अँगस्ट्रॉममध्ये १०० पिकोमीटर. पिकोमीटरचाही हजारावा भाग म्हणजे फेम्टोमीटर. प्रोटॉनची त्रिज्या सुमारे ०.८४ फेम्टोमीटर आहे.

‘प्रत्येक अणू बरोबर एक अँगस्ट्रॉम’ हे विधान मला सगळ्यात खटकतं, कारण त्यामुळे अणू म्हणजे एकाच साच्यातली गोटी वाटू लागतो. अणूला ठाम कडा नसते. इलेक्ट्रॉनचा ढग बाहेरच्या बाजूला विरळ होत जातो, त्यामुळे कडा कुठे धरायची हे आपण ठरवतो. दुसऱ्या अणूशी सहसंयुज बंध असताना हायड्रोजनची त्रिज्या साधारण ३१ पिकोमीटर धरतात. बंध नसलेले अणू नुसते शेजारी टेकलेले असतील तर त्याच हायड्रोजनची १२० च्या आसपास. अणू तोच, आकडा जवळपास चौपट! सीझियमची सहसंयुज त्रिज्या तर २४४ च्या घरात जाते. अँगस्ट्रॉम अणूंच्या मापाला सोयीचा पडतो, एवढंच खरं.

मग त्याखालचं मोजता येत नाही का? सिलिकॉनचा स्फटिक घ्या. त्यातल्या अणूंच्या समांतर थरांच्या एका विशिष्ट समूहात शेजारच्या दोन थरांमधलं अंतर १९२.०१५६ पिकोमीटर आहे. दशांश चिन्हापुढची ती चार स्थळं, म्हणजे अँगस्ट्रॉमहून कितीतरी लहान भाग, अंदाजाची नाहीत. स्फटिकाचा एक तुकडा हळूहळू सरकवतात, क्ष-किरणांचे उजळ-काळे पट्टे मोजतात आणि तेच सरकणं लेसरच्या तरंगलांबीशी ताडून पाहतात. किलोग्रॅमच्या नव्या व्याख्येआधी सिलिकॉनच्या गोळ्यातले अणू मोजले गेले, तेही अशाच मापनाच्या आधारावर.

‘रद्द झालंय’ यात थोडं तथ्य आहे. अँडर्स अँगस्ट्रॉम या स्वीडिश शास्त्रज्ञाने १८६८ मध्ये सूर्याच्या वर्णपटाचा नकाशा याच मापात मांडला, आणि पुढे मापाला त्याचं नाव मिळालं. एसआय या आंतरराष्ट्रीय मापन पद्धतीचं हे एकक कधीच नव्हतं. सोबत चालवून घेतलेल्या एककांत त्याची नोंद असे, ती २०१९ च्या अधिकृत पुस्तिकेतून गेली. यादीतून जाणं म्हणजे बंदी नव्हे. ‘मायक्रॉन’ हे मायक्रोमीटरचं जुनं नाव मात्र १९६७ मध्ये खरोखरच रद्द केलं गेलं. अँगस्ट्रॉमचं तसं झालेलं नाही : प्रथिनांच्या रचनांच्या जागतिक संग्रहात प्रत्येक अणूचे सहनिर्देशक आजही अँगस्ट्रॉममध्येच नोंदवले जातात.