प्रीमियमचे जादा पैसे नेमके कशाचे : तुमच्या रिव्ह्यूला मालकाचे उत्तर

नमस्कार. दोनच तारे दिलेत, पण सगळे सविस्तर लिहिलेत, त्यामुळे ठरावीक दोन ओळींत उत्तर देणे बरे वाटेना. गोव्यातल्या मोलेजवळचा हा रिसॉर्ट मी आणि माझी पत्नी चालवतो. तुमचा रिव्ह्यू आम्ही दोघांनी बसून वाचला.

तुमचे म्हणणे असे : डिसेंबरात दोन रात्री राहिलात, प्रीमियम पॅकेजचे रात्रीला 4,500 रुपये जादा मोजलेत, आणि पदरात पडले काय? कुळे गावी दूधसागर धबधब्याच्या जीपसाठी अडीच तास ताटकळणे. नाइट सफारी नाहीच. लाउंजमधली भजी लवकर संपलेली. जंगलात एकही मोठे जनावर दिसले नाही. शिवाय फ्लोरिडातल्या डिस्नेच्या अ‍ॅनिमल किंग्डम लॉजमध्ये बाल्कनीतून जिराफ दिसतात, तसे इथे काहीच नाही.

आधी कुळेचे. ती चूक पूर्णपणे आमची. दूधसागरला पर्यटकांना स्वतःची गाडी नेता येत नाही. कुळेहून नोंदणीच्या जीपच जातात, एका जीपला सात माणसे, आणि नंबर लागेल तशा. आमच्या पॅकेजमधली ‘खासगी जीप’ म्हणजे सातही सीटचे पैसे आम्ही भरतो, तुमच्या चौघांत परका माणूस बसत नाही, इतकेच. नंबर लवकर लागायचा तर आमच्या माणसाने उजाडायच्या आत काउंटरवर जाऊन उभे राहायला हवे, आणि कॉन्सिअर्जचे, म्हणजे पाहुण्यांची कामे आधी जाऊन करून ठेवणाऱ्या माणसाचे, पैसे आम्ही त्याचेच घेतो. त्या रविवारी तो साडेआठला पोचला, कारण आदल्या रात्री दुसऱ्या पाहुण्यांना आणायला मी त्यालाच मोपा विमानतळावर पाठवले होते. परत यायला त्याला दोन वाजले. नियोजन माझे होते, त्याला बोल लावू नका. त्या दिवसाचे 4,500 रुपये तुमच्या खात्यावर परत पाठवले आहेत.

नाइट सफारीबद्दल : भगवान महावीर अभयारण्यात सूर्यास्तानंतर पर्यटकांना फिरवता येत नाही. आम्ही जेवणानंतर टॉर्च घेऊन आमच्याच कुळागरात, माड-पोफळींमधून फिरवतो. बेडूक, कोळी, कधी एखादे घुबड. फोनवर बुकिंग घेताना तुम्हाला याला ‘रात्रीचा जंगल अनुभव’ म्हणून सांगितले गेले. ते ऐकून कुणालाही सफारीच वाटणार. आता आमच्याकडे हे शब्द कुणी वापरत नाही. लाउंजमधली भजी सहालाच संपली होती, हेही खरे.

जिराफांच्या बाबतीत मात्र मला तुमचे पटत नाही. तिथले जिराफ आणि झेब्रे लॉजभोवतीच्या राखीव कुरणात सांभाळलेले आहेत. जादा पैसे भरून क्लब लेव्हलला राहणाऱ्याला तिथे लाउंजमधले खाणेपिणे आणि बेत आखून देणारे लोक मिळतात. जिराफ बघायला साध्या खोलीत उतरलेल्यांनाही जागा केलेल्या आहेत. आमच्याकडे तर कुंपणच नाही. अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान मिळून सुमारे 240 चौरस किलोमीटर, बहुतेक सगळी गच्च झाडी. गवा, आमचा गवो रेडो, हा गोव्याचा राज्यप्राणी, पण वीस पावलांवर पानांआड उभा राहिला तर पत्ता लागत नाही. वाघही या पट्ट्यात फिरतात. 2020 च्या जानेवारीत म्हादई अभयारण्यात चार वाघ मेलेले सापडले, ती बातमी आठवली की अजून पोटात तुटते. पण गोव्यात वाघ दाखवतो असे कुणी म्हणाले, तर त्याला एक रुपयाही देऊ नका.

जंगल ओळखणाऱ्या माणसाच्या वेळेला मात्र पैसे पडतात, आणि ते पडायलाच हवेत असे मला वाटते. दुसऱ्या दिवशीची पहाटेची फेरी तुम्ही ‘बरी होती’ एवढ्यावर आटोपलीत. त्या फेरीत तुम्ही पुढे गेलात, आणि आमचा गाइड तुमच्या आईंबरोबर एका किंदळाच्या झाडाखाली मागे थांबला. वर बेचक्यात पानाकाड्यांचा मोठा गोळा होता, शेकरूचे घरटे. वीस मिनिटे दोघे गप्प. आधी वरून कुरतडलेली साल पडली, मग फांदीवरून झुबकेदार शेपूट खाली लोंबली. निघताना आईंनी माझ्या पत्नीला दोन्ही हात फाकवून त्या शेपटीची लांबी दाखवली. दूधसागरला जीप थांबते तिथून पुढे दगडगोट्यांतून चालावे लागते. गुडघे दुखत असताना त्या तिथपर्यंत पोचल्या, त्या आमच्या याच गाइडचा हात धरून.

तरीही स्पष्ट सांगतो. एका रात्रीसाठी येणार असाल आणि दिवस कळंगुटच्या किनाऱ्यावर घालवणार असाल, तर आमचे प्रीमियम घेऊ नका. साध्या तंबूतही अंथरूण तेच आणि खतखतेही त्याच टोपातले. बरोबर वडीलधारी माणसे किंवा लहान मुले असतील, दोन-तीन रात्री हातात असतील, दूधसागर आणि तांबडी सुर्ल्याचे कदंबकालीन महादेव मंदिर दोन्ही शांतपणे बघायचे असेल, तरच घ्या. बुकिंगला बसणाऱ्या मुलीला आता हे प्रश्न आधी विचारायला आणि गरज नसेल तर ‘घेऊ नका’ म्हणायला सांगितले आहे.

पावसाळ्यात जीप बंद असतात. पाऊस संपून त्या पुन्हा सुरू झाल्या की आईंना घेऊन या, प्रीमियमचे जादा पैसे घेणार नाही. फोनवर मालकाला द्या म्हणा. कुळेच्या काउंटरवर नंबर लावायला पहाटे मी स्वतः जाईन.